मध्यम ताकदीचा माणूस

लोकांना कशाकशाचा अभिमान असतो. कुणाला घराण्याचा, कुणाला आवाजाचा, कुणाला कॅनडातल्या जावयाचा. प्रताप नगरात आमच्या शेजारी धकाते काका राहतात, त्यांना आपण मध्यम असल्याचा अभिमान आहे.

हे त्यांनी मला पहिल्याच भेटीत सांगून टाकलं. आठ वर्षांपूर्वी आम्ही नागपूरच्याच महाल भागातलं घर सोडून इथे राहायला आलो. ट्रकमधून कपाट उतरत होतं, मी हमालांवर ओरडत होतो आणि हमाल माझ्यावर. तेवढ्यात शेजारच्या फाटकातून, शर्ट नीट खोचलेले एक गृहस्थ आले. माझं नाव विचारलं, कपाटावर टिचकी मारून "सागाचं नाही हे" असा निकाल दिला आणि म्हणाले, "मी नामदेव धकाते. उंची पाच फूट पाच. शाळेत पन्नास पोट्ट्यायत पंचविसावा. सारं मध्यम." 'मी कलेक्टर' हे ज्या सुरात सांगावं त्या सुरात त्यांनी 'मध्यम' म्हटलं. मला वाटलं, माणूस फारच विनयशील दिसतो. माणसांच्या बाबतीत माझे अंदाज नेहमीच चुकतात, पण इतके कधी चुकले नव्हते.

या अभिमानाचं मूळ बॅडमिंटनच्या एका जुन्या नियमपुस्तिकेत आहे. आमच्या कॉलनीच्या समाजभवनात, पत्र्याच्या छपराखाली, एक कोर्ट आहे. रोज सकाळी सहा वाजता आम्ही दहा-बारा जण तिथे घाम गाळतो. खेळायच्या त्या पिसांच्या वस्तूला आमच्यातले काही शटल म्हणतात, काही चिडी म्हणतात. काका फूल म्हणतात. तर हे फूल योग्य वेगाचं आहे की नाही, हे ठरवायचा एक नियम आहे. मध्यम ताकदीच्या खेळाडूनं मागच्या रेषेवर उभं राहून, खालून वर असा पूर्ण जोर लावून फटका मारायचा. फूल पलीकडच्या मागच्या रेषेच्या जरा अलीकडे पडायला हवं. किती अलीकडे तेही ठरलेलं आहे. काकांच्या हिशोबानं ते अंतर अडीच ते साडेचार विती. त्याच्या पुढे गेलं तर फूल फास्ट, अलीकडेच राहिलं तर स्लो. काकांनी पुस्तिकेतल्या 'मध्यम ताकदीच्या' या शब्दांखाली लाल रेघ मारून ठेवली आहे. नियम लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे आपणच होतो, याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती.

आता हे काका काही साधेसुधे गृहस्थ नव्हेत. वजनमापे खात्यात इन्स्पेक्टर म्हणून त्यांनी अख्खी नोकरी काढली. दुकानातला तराजू उचलून बघायचा, वजनांची पडताळणी करायची, शिक्का मारायचा. इतवारीच्या बाजारात आजही ते नुसते चालत गेले तरी दोन-तीन जुने दुकानदार गल्ल्यामागे उभे राहतात. लग्न केलं नाही. दोन बहिणी आणि एक भाऊ मार्गी लावण्यात वय निघून गेलं, असं लोक सांगतात. काकांचं स्वतःचं कारण वेगळं आहे. "पत्रिका म्हंजे सारा अंदाज गा. अंदाजावर मी कधी सही केली नाही."

अंदाज या शब्दाचं त्यांना वावडं आहे. त्यांचा सगळा संवाद एका वाक्याभोवती फिरतो. "अंदाज सांगू नको, माप सांग." तुम्ही म्हणालात, 'दोन मिनिटांत आलो', की ते घड्याळ काढून फाटकात उभे. स्वयंपाक स्वतःच करतात, आणि अडलं की कुंपणावरून माझ्या बायकोला, शुभदाला, हाक मारतात. एकदा तिनं त्यांना पातोडीची कृती सांगितली. काकांनी सगळं व्यवस्थित लिहून घेतलं, आणि शेवटच्या ओळीवर गाडी अडली.

"चवीपुरतं मीठ? कोनाच्या चवीपुरतं वं?"

"तुमच्याच, काका. जेवणार कोण आहे?"

"तरी पन. माप सांग."

शुभदा गणिताची शिक्षिका आहे. तिनं सांगितलं, पाऊण चमचा. काकांनी विचारलं, सपाट की शीग लावून. तेव्हापासून काकांचं तिच्याबद्दल फार चांगलं मत आहे, माझ्याबद्दल नाही.

फुलं खरेदी करायला काका सदर भागातल्या खेळाच्या दुकानात जातात, आणि माझ्या स्कूटरवरून जातात. दुकानदाराला ते दारात दिसले की तो आतल्या खोलीत काहीतरी शोधायला निघून जातो. पण काका थांबतात. डबा उघडायचा, एकेक फूल काढायचं, दोन बोटांत धरून भिंगरीसारखं फिरवायचं, मग उजेडाकडे धरून एका डोळ्यानं आत बघायचं. "सोळा पिसं हायेत, सोळाच्या सोळा पक्ष्याच्या एकाच बाजूच्या पंखाची पायजेत. एक जरी दुसऱ्या बाजूचं आलं का फूल डोलते." मग खिशातून भिंग निघतं. पिसांना गुंफणाऱ्या दोऱ्याचे दोन वेढे असतात, त्यांच्या गाठी तपासायच्या. गाठीच्या बाबतीत ते कुणाचं ऐकत नाहीत, कारण त्यांचे वडील उमरेडला हातमागावर नऊवारी विणायचे आणि पोरांना अक्षरांच्या आधी गाठ मारायला शिकवायचे. एकदा असाच पाऊण तास गेल्यावर दुकानदार कळवळून म्हणाला, "काका, खेलना है कि रिश्ता करना है?"

काका शांतपणे म्हणाले, "रिश्त्यातच लोक फसतात बाप्पा. फुलात काहून फसाचं?"

नायलॉनच्या शटलचा विषय त्यांच्यापुढे काढू नये. कोर्टावर दातांचे डॉक्टर वैरागडे येतात, त्यांनी एकदा काढला होता. ते टिकतं, स्वस्त पडतं, वगैरे. काका म्हणाले, "प्लास्टिकचं फूल देवाले वाहते काय कोनी?" बॅडमिंटनचं फूल तरी देवाला कोण वाहतं, हा प्रश्न डॉक्टरांच्या ओठांवर आला होता, पण दुसऱ्यांचे दात काढणारा हा माणूस काकांपुढे स्वतःचे दात मिटून बसतो.

या फूल शब्दानं एकदा घोटाळाही केला. कॉलनीतले एक वृद्ध गृहस्थ दवाखान्यात होते आणि त्यांची तब्येत बरी नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. अशा दिवसांत काकांचा कॉलनीच्या ग्रुपवर संदेश आला. "फुलं आणली आहेत. उद्या सकाळी बरोबर सहा वाजता सर्वांनी समाजभवनात जमावे. उशीर करू नये. धकाते." दुसऱ्या दिवशी मी रॅकेट घेऊन पोचलो तर डॉक्टर वैरागडे पांढरा कुर्ता-पायजमा घालून, हात जोडून, कोपऱ्यात उभे. दोन बायका डोळ्यांना पदर लावून बसलेल्या. एकानं तर येताना झेंडूचा हारही आणलेला. आणि या सगळ्या शोकसभेच्या मधोमध काका नवीन डबा उघडून म्हणत होते, "यावेळचा माल चांगला निघाला." ते वृद्ध गृहस्थ पुढे चांगले बरे होऊन घरी आले. डॉक्टर मात्र तेव्हापासून काकांवर डूख धरून होते.

त्यात जप्तीच्या प्रकरणाची भर पडली. डॉक्टरांचा स्मॅश जोरदार, पण टोलवलेलं फूल हमखास बाहेर. यावर उपाय म्हणून ते गुपचूप पिसांची टोकं बाहेर दुमडायचे. पिसं दुमडली की फूल मंदावतं. काकांनी एका सकाळी ते फूल हातात घेतलं, अंगठा फिरवला आणि खेळ थांबवला. "हे वजनात शिसं भरण्यासारखं हाय, डॉक्टर." मग रीतसर पंचनामा झाला. दोन पंचांच्या सह्या घेतल्या, त्यातली एक माझी. फूल जप्त करून कागदाच्या पुडीत बांधलं. डॉक्टर म्हणाले, "काका, हा खेळ हाय, कोर्टकचेरी नाही." काका म्हणाले, "कोर्टच तं हाय."

रोजची टेस्ट हा तर वेगळाच सोहळा. सहा वाजता काका सगळे पंखे बंद करायला लावतात, कारण वाऱ्यानं फूल सरकतं. नागपूरच्या मे महिन्यात, पत्र्याखाली, पंखे बंद. मग ते मागच्या रेषेवर उभे राहतात, डोळे मिटून श्वास घेतात, आणि मारतात. फूल पलीकडे पडतं. काका रॅकेट काखेत धरून सावकाश पलीकडे जातात, गुडघ्यावर हात ठेवून वाकतात, वितींनी अंतर मोजतात, निकाल पुकारतात. पास, नापास किंवा "फेरतपासणी". मग परत येऊन दुसरं फूल. पाच फुलांना वीस मिनिटं. तोवर आम्ही भिंतीला टेकून वितळत असतो.

एवढं सगळं करून काका स्वतः कधी खेळत नाहीत. टेस्ट झाली की रॅकेट कव्हरमध्ये घालतात आणि बाकावर बसून आमचा खेळ बघतात. मी सुरुवातीला एकदा दुसऱ्या कुणाला तरी विचारलं होतं की काका का खेळत नाहीत, तर त्यानं काकांचंच वाक्य ऐकवलं. "तपासनीसानं दुकान टाकू नये." आम्हाला ते पटलं. अशी वाक्यं आपल्याला नेहमीच पटतात, कारण पुढे काही विचारावं लागत नाही.

खरी अडचण यंदाच्या मे महिन्यात सुरू झाली. शटलच्या डब्यावर वेगाचा आकडा असतो. शहात्तर म्हणजे मंद, अठ्ठ्याहत्तर म्हणजे पळणारं. उन्हाळ्यात फूल आपोआपच पळतं, म्हणून शहात्तरचं घ्यायचं. थंडीत अठ्ठ्याहत्तरचं. हे मला काकांनीच शिकवलं होतं. उन्हाळ्यात पिसं सुकून कडक होतात म्हणून फुलांना वाफ द्यायची, डबे माठाशेजारी ठेवायचे, हेही त्यांचंच शास्त्र. आणि यंदा ऐन मे महिन्यात काकांनी शहात्तरचा डबा टेस्ट करून निकाल दिला, "स्लो. नापास." सत्त्याहत्तर आणलं. "स्लो." शेवटी अठ्ठ्याहत्तरचं फूल कसंबसं साडेचार वितींच्या आत पडलं आणि पास झालं.

त्यानंतर जे सुरू झालं त्याला बॅडमिंटन म्हणता येणार नाही. ज्यानं त्यानं मारावं आणि फूल मागच्या रेषेबाहेर जाऊन भिंतीवर आदळावं. डॉक्टरांनी सलग सोळा गुण असे घालवले. मी तर वाईटच खेळतो, पण शुभदाचा मागे टाकलेला फटका इंचभरही चुकत नाही, तिचीही फुलं बाहेर जायला लागली. कुणी काही म्हटलं की बाकावरून उत्तर यायचं, "टेस्ट झाली हाय."

दोन आठवडे सहन केल्यावर डॉक्टरांनी, काका घरी गेल्यानंतर, सभा भरवली.

"बंद करून टाका हे," ते म्हणाले. "डब्यावर आकडा लिहून राहते ना? तो वाचायचा अन् खेळायचं. काकाले सांगून टाकू, तुम्ही आता आराम करा."

आराम करा. आपल्याकडे माणसाला घालवून द्यायचं असलं की इतक्या प्रेमानं सांगतात. मला ते पटेना. कारण कुंपणापलीकडचं घर मला दिसतं. काका खेळत नव्हते, त्यामुळे टेस्ट गेली की सकाळी सहाला घरातून निघायचं त्यांना कारणच उरणार नव्हतं. त्या दोन तासांखेरीज त्यांच्या दिवसात मग एक कुकर, दोन वर्तमानपत्रं आणि संध्याकाळचं देऊळ, एवढंच होतं. पाच फुलांसाठी हा माणूस पहाटे दाढी करून यायचा.

"शटल स्लो नाहीत," शुभदा हळूच म्हणाली. "काका स्लो झालेत. मारल्यावर ते डाव्या हातानं उजवा कोपर धरतात, पाहिलं नाही कुणी?"

कुणीच पाहिलं नव्हतं. आम्ही सगळे फूल कुठे पडतं ते बघत होतो. काकांचा हातच पूर्वीसारखा उरला नव्हता. त्यामुळे चांगलं फूल त्यांच्याकडून आखूड पडत होतं, ते त्याला मंद ठरवत होते आणि आमच्या माथी पळणारं मारत होते. सगळ्यांना एकदम उलगडा झाला आणि लगेच सगळे एकमेकांचे बूट बघायला लागले. आता मांजराच्या गळ्यात घंटा कुणी बांधायची? ठरलं की शेजाऱ्यानं. म्हणजे मी.

संध्याकाळी गेलो. काका ओट्याशी उभे राहून पातेल्यातल्या वाफेवर डबा धरून होते, एक डोळा घड्याळावर. "बस गा प्रमोद," ते म्हणाले. "चाळीस सेकंद राह्यले." मी बसलो. चाळीस सेकंदांत मी चार वाक्यं तयार केली आणि चारही गिळली. शेवटी म्हणालो, "काका, फुलं बाहेर जाऊन राहिली."

"अंदाज सांगू नको."

"दीड वीत बाहेर."

"कोनाची?"

"सगळ्यांची. शुभदाचीसुद्धा."

त्यांनी डबा खाली ठेवला. माझी किंवा डॉक्टरांची फुलं बाहेर गेली असती तर त्यांनी आमचा पंचनामा केला असता. पण शुभदा म्हणजे सपाट पाऊण चमचा. त्यांनी गॅस बंद केला. मग म्हणाले, "उद्या साडेपाचले चल हॉलवर. कोनी येण्याच्या आधी. नमुना तपासून पाहू."

नमुना म्हणजे काय, ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. दर उन्हाळ्यात पास झालेल्या फुलांतलं एक फूल काका न खेळता वेगळं ठेवतात. तारीख आणि वजनाची चिठ्ठी घालून, डब्याचं झाकण लाखेनं बंद करून. खात्यात जशी मूळ वजनं असतात, ज्यांच्याशी बाकीची ताडून बघायची, तसं. पहाटे साडेपाचला त्यांनी हॉलमधला एकच दिवा लावला, गेल्या मेचं फूल काढलं, खिशातून सोनाराचा छोटा तराजू काढला आणि ते तोललं. चिठ्ठीवर लिहिलेलं वजन आणि तराजूतलं वजन सारखंच होतं.

"फूल तेवढंच हाय," ते म्हणाले आणि मागच्या रेषेवर जाऊन उभे राहिले.

मारलं. ते गेलं, आणि नको तेवढ्या अलीकडे पडलं. काका चालत गेले, वाकले, मोजलं. सात विती. परत आले. पुन्हा मारलं. सात. तिसऱ्यांदा त्यांनी जोर लावताना तोंडातून आवाज निघाला, तो मी पूर्वी कधी ऐकला नव्हता. साडेसात.

"वर्षभरात सुकलं असेल, काका," मी म्हणालो.

"आता तोललं ना तुझ्यासमोर? खोटं बोलू नको, तुले जमत नाही." त्यांनी कोपर धरला. पुढे बोलले तेव्हा आवाज साधाच होता. "लोखंडाचं वजन हाय ना, ते रोज हाताळून झिजते. दुकानदाराले ठाऊक नसते गा. तो इमानदारीनं तोलून राह्यते, अन् गिऱ्हाइकाले रोज कमी जाऊन राह्यते. अशा दुकानदाराले मी कधी नोटीस नाही देल्ली. म्हनायचो, दादा, वजन बदला." त्यांनी ते फूल माझ्या हातात ठेवलं. "दोन हप्ते मी तुमचा खेळ खराब केला. कोनी बोलले काहून नाही?"

समोरचा माणूस स्वतःलाच नापास करत होता आणि त्यातही घाई करत नव्हता, हे बघवत नव्हतं. त्यांनी रॅकेट कोर्टाच्या कडेला टेकवून ठेवली आणि मला रेषेकडे ढकललं. "तू मार."

मी मारलं. काका चालत गेले, वाकले. साडेतीन विती. बरोब्बर मध्ये. पुन्हा मारायला लावलं. साडेतीन.

"अरे बाप्पा," काका कौतुकानं माझ्याकडे बघत राहिले. "उंची?"

"पाच सहा."

"चालते. वजन बी बेताचंच दिसते. अक्कल तं..."

"अक्कल काय?"

"मध्यम." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आजपासून फूल तू मारायचं. मी डॉक्टरले सांगतो. तुझ्याइतका मध्यम माणूस साऱ्या प्रताप नगरात सापडणार नाही." आयुष्यात माझा इतका मोठा सन्मान कुणी केला नव्हता, आणि इतका मोठा अपमानही. "आता मी येऊन काय करू? उद्यापासून तूच ये लवकर."

"अन् विती कोण मोजेल?" मी घाईघाईनं म्हणालो. "माझी वीत लहान आहे. आजची पाच फुलं तपासायची आहेत ना? तुम्ही पलीकडे थांबा. रॅकेट राहू द्या हातात."

रॅकेट का, हे त्यांनी विचारलं नाही. सवयीनं घेतली आणि पलीकडच्या रेषेजवळ जाऊन उभे राहिले. शहात्तरच्या डब्यातलं पहिलं फूल पास झालं. दुसरं पास झालं. तिसरं मारताना माझा हात घसरला. मुद्दाम घसरला असं मी म्हणणार नाही, कारण तेवढं नेमकं मला मारता येत नाही. फूल उंच न जाता सपाटच गेलं आणि थेट त्यांच्या तोंडावर. काकांनी घाबरून रॅकेट आडवी धरली. टप्प् असा आवाज झाला आणि फूल नेटवरून अलगद माझ्याकडे आलं. माझ्या हातून ते आपसूक परत गेलं. त्यांनी पुन्हा रॅकेट लावली. पुन्हा आलं. मी पुन्हा मारलं, आणि ते त्यांच्या पायाशी पडलं.

काका त्या फुलाकडे बघत उभे राहिले. मोजायला वाकले नाहीत.

"परत आलं गा," ते म्हणाले.

"काय, काका?"

"फूल. मी मारलेलं फूल मांगं परत आलं." त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. "नोकरीले लागलो ना, तवा सरकारी कॉलनीत कोर्ट होतं. साऱ्या खात्यांचे साहेब लोक खेळायचे. मी बाजारातून कॅनव्हासचे बूट आनले, अन् गेलो. एक साहेब म्हनले, या या धकाते, तुम्ही वजनमापवाले, जरा हे फूल तपासून द्या. हे पुस्तक घ्या, यात नियम हाय. देल्लं तपासून. दुसऱ्या दिवशी बी देल्लं. मंग तेच झालं."

"आणि खेळलात कधी?"

"कोनी म्हनलंच नाही."

तपासनीसानं दुकान टाकू नये. ते वाक्य त्यांनी कधी आणि कशावर पांघरलं होतं, हे मला तेव्हा कळलं. आणि मला मनापासून लाज वाटली. त्या साहेबांची नव्हे, ते कधीच निवृत्त होऊन गेले असतील. माझी. आठ वर्षं मी या माणसाच्या शेजारी राहिलो, त्याला स्कूटरवरून सदरला नेलं, त्याच्या पंचनाम्यावर सही केली, त्याच्या गोष्टी सांगून चारचौघांना हसवलं. आणि 'काका, खेळता का?' एवढे तीन शब्द माझ्या तोंडून एकदाही निघाले नव्हते. आताही निघेनात.

"सर्व्हिस तुमची," मी कसंबसं म्हणालो.

"मले येत नाही गा."

"मला तरी कुठे येते?"

तेवढ्यात दार वाजलं. डॉक्टर वैरागडे रॅकेट घेऊन आत आले, मागून शुभदा आणि आणखी दोघं. सहा वाजून गेले होते. डॉक्टरांनी बंद पंख्यांकडे बघितलं आणि वैतागून विचारलं, "झाली का तुमची टेस्ट?"

काका फूल दोन बोटांत धरून, जीभ दातांत पकडून, सर्व्हिसच्या रेषेमागे पाय जुळवत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"नाही झाली," ते म्हणाले. "बसा थोडं."

शुभदानं डॉक्टरांच्या बाहीला धरून त्यांना बाकावर बसवलं. काकांनी सर्व्हिस केली. ती नेटमध्ये अडकून खाली पडली. मी नेटखालून हात घालून फूल उचललं आणि त्यांच्याकडे टाकलं.

"चालते, काका," मी म्हणालो. "पुन्हा मारा."